खिळ्यांचा पट्टा आणि चिमट्याचा दिवा

त्या पाकिटावरचा कुत्रा हसत होता. सोनेरी केसांचा, लोंबत्या कानांचा, आयुष्यात एकदाही उपाशी न झोपलेला कुत्रा. त्याच्या पट्ट्याला रुपयाएवढा लाल दिवा चिमट्यानं अडकवलेला, मागं निळा तंबू, तंबूच्या दोरीला तसलाच दुसरा दिवा, आणि तंबूच्या तोंडाशी बसलेलं एक गोरंगोमटं कुटुंब, तेही हसत. सगळ्यांना कसला एवढा आनंद झाला होता देव जाणे. ते पाकीट आज समोर आलं तर मी पायाखाली घालीन. रागवायचं तर माणसावर रागवावं, पुठ्ठ्यावर कशाला, असं बायको म्हणते. तिला काय सांगू? पुठ्ठा बाजूला काढला की रागवायला मी एकटाच उरतो.

पाकीट आणलं होतं मेहुण्यानं. तो मालवाहू बोटीवर नोकरीला. दर खेपेला काहीतरी आणायचा आणि ज्याला जे नको ते त्याच्या हातात ठेवायचा. सासऱ्यांना दाढीचं यंत्र आणलं, त्यांना हयातभर दाढी होती. मला म्हणाला, ‘दाजी, तुम्ही डोंगरात राहायला जाता ना, तुमच्यासाठी खास.’ आत चार दिवे. पाठीला स्प्रिंगचा चिमटा, पोटात घड्याळातल्यासारखा चपटा सेल. पुढचं काचेचं टोपण पिळलं की लुकलुक सुरू, उलटं पिळलं की बंद. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कराडात असली वस्तू कुणी पाहिली नव्हती, आणि जी वस्तू कुणी पाहिलेली नाही ती चारचौघांत काढून दाखवण्याचा माझा स्वभाव. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. म्हणजे काहीही हातात आलं की ते समजावून सांगायचा मला सरकारी परवानाच होता.

आम्ही चौघे मित्र हिवाळ्यात डोंगरात तंबू ठोकून राहायचो आणि त्याला ‘कॅम्पिंग’ म्हणायचो. पहिली परीक्षा तिथंच झाली. कोयनानगरच्या वरच्या अंगाला एका सपाटीवर तंबू लावला होता. तंबूला चार दोऱ्या. तिन्हीसांजेला दोरी दिसत नाही, पाय अडकतो, म्हणून मी तीन दोऱ्यांना तीन दिवे लावले. चौथीलाही लावता आला असता, पण एक मी स्वतःच्या टोपीला लावला होता, कारण तो मला शोभत होता. मग झऱ्याचं पाणी घेऊन येताना त्या तीन दिव्यांकडं कौतुकानं बघत बघत मी चौथ्या दोरीत पाय अडकवला आणि कळशीसकट पिठल्यात गेलो. पिठलं नुकतंच उतरवलेलं होतं. हाताला फोड आले, आणि चौघांनी कोरडी भाकरी खाल्ली.

एवढ्यात खालून एक रखवालदार धापा टाकत वर आला. ‘ते लाल दिवं बंद करा आधी,’ तो म्हणाला. ‘वसाहतीतली माणसं अंगणात येऊन बसल्यात. धरणाला काय झालं म्हणून विचारत्यात.’ जिथं जमीन हलली की लोक उंबऱ्याबाहेर पळतात, त्या गावाच्या डोक्यावर मी लाल दिवे लुकलुकवत बसलो होतो. मित्र हसून हसून आडवे झाले. मी शहाणा असतो तर पाकीट त्याच संध्याकाळी बोटीवर परत पाठवलं असतं. पण शहाण्या माणसाला आठवणी लिहाव्या लागत नाहीत.

आता रस्त्याचं सांगतो, कारण खरा राग तिथला आहे.

आमचं रान कराडहून तासगावकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून. वडील तिथंच राहायचे, मी शनिवारी शाळा सुटली की स्कूटरनं जायचो. गळिताचा हंगाम सुरू झाला की त्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर धावायचे. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर हातभर लोंबणारा ऊस, आणि मागं दिवा नाही. लाल कागदाचा तुकडासुद्धा नाही. ड्रायव्हरच्या डोक्यावर मात्र दोन भोंगे, आणि त्यातून शिवारभर ऐकू जाणारी गाणी. गाणी वाजवायला बॅटरी होती, मागं एक दिवा लावायला नव्हती. एका संध्याकाळी मी स्कूटरसकट अशा एका ट्रॉलीच्या मागच्या उसात घुसलो. लागलं फारसं नाही, उसाच्या शेंड्याचं वाढं नाकात गेलं. ड्रायव्हर उतरून आला. मला वाटलं, माफी मागेल.

‘मास्तर, दिसत न्हाई व्हय तुमास्नी?’

‘दिसत नाही हेच तर सांगतोय. मागं दिवा कुठाय?’

‘दिवा फुडं हाय की,’ तो म्हणाला. ‘आमाला फुडं जायचंय.’

वर त्यानं एक ऊस मोडून मला खायला दिला, आणि मी तो घेतला. त्याचाही मला आजतागायत राग येतो.

दर वर्षी भुईमूग निघाला की आमच्या रानात मेंढरं बसायची. जतकडचं एक धनगराचं बिऱ्हाड यायचं. दिवसा मेंढरं कुणाच्या तोडलेल्या उसाच्या खोडव्यात, ओढ्याकाठी चरायची, रात्री आमच्या मोकळ्या रानात जाळी लावून बसवायची. जमिनीला लेंडीखत मिळायचं, त्या बदल्यात वडील त्यांना ज्वारी द्यायचे. बिऱ्हाडाची कारभारीण पन्नाशीची विधवा बाई. दोन मुलं, एक सून, एक घोडं, दोन कुत्री, आणि पाठीवर मावेल तेवढा संसार. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला मास्तर म्हणायची. आम्ही चौघे वर्षातून दोनदा तंबू ठोकून दमून घरी यायचो. ही बाई वर्षातले आठ महिने उघड्या माळावर काढायची आणि त्याला काहीच नाव द्यायची नाही.

त्या वर्षी येऊन चार दिवस झाले नाहीत तोवर तिचं एक कुत्रं रस्त्यावर मेलं. दिवस मावळताना मेंढरं रस्ता ओलांडत होती, एक जीप ट्रॉलीला मागं टाकायला म्हणून कडेला आली आणि कडेनं येणारं कुत्रं तिच्याखाली गेलं. जीप थांबली नाही. ट्रॉलीवरची गाणीही थांबली नाहीत.

मी शनिवारी पोचलो तेव्हा मावशी जाळीपाशी उरलेल्या कुत्र्याच्या अंगावरची गोचिडं काढत होती. हे कुत्रं थोराड, राखी रंगाचं, एक कान चिरलेलं. त्याला नाव होतं, झकास नाव होतं. ते मी इथं लिहीत नाही. का, ते पुढं येईल.

‘आता हेच एकलं,’ ती म्हणाली. ‘पिल्ली अजून दुधाचीच हायती. ह्ये गेलं तर मेंढरं घिऊन परत फिरायचं. वरच्या डोंगराकडनं लांडगा येतूय, वास लागलाय त्येला. पोरांनी परवाच माग बघितला.’

म्हणजे गोष्ट सरळ होती. त्या कुत्र्यावर तिचा सगळा हिवाळा टांगलेला होता. आणि मला त्यात फक्त एक दिसलं, कुत्रं, अंधार आणि दिवा. पाकिटावरचं चित्र. खिशात पाकीट होतंच. मी ते चित्र तिला दाखवलं.

‘ह्ये कुनाचं?’ तिनं विचारलं.

‘परदेशातलं.’

‘लय माजलंय,’ ती म्हणाली आणि गोचिडं काढत राहिली.

मी तिला दिव्याचं शास्त्र सांगितलं. लाल रंगाची तरंगलांबी जास्त, म्हणून तो लांबून दिसतो. पाचवी ते दहावीच्या सगळ्या तुकड्यांना मी हे सांगितलं होतं, ती सातवी तुकडी धरा. मग मी दिवा लावायला वाकलो आणि अडचण आली. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा होता, पण तो पाकिटावरच्यासारखा नव्हता. बोटभर जाडीचं जनावराचं कातडं, आणि त्यातून आतून बाहेर ठोकलेले खिळे, टोकं बाहेर. चारी बाजूंनी, साळिंदरासारखे. चिमट्याच्या जबड्यात ते कातडं मावेना. दोनदा प्रयत्न केला, दोनदा बोटाला खिळा लागला. तिसऱ्यांदा मी म्हणालो, ‘मावशी, हा पट्टा काढू. दुसरा बांधू.’

तिनं हातातली गोचीड दगडावर ठेचली. ‘खिळं हायती ना त्येला,’ म्हणाली.

‘म्हणूनच तर. दिवा बसत नाही.’

‘त्ये खिळं…’ ती म्हणाली आणि थांबली. तिनं बांधाकडं बघितलं, तिथं माझे वडील उभे होते. पुन्हा माझ्याकडं बघितलं. ‘तुमी मास्तर हाय. तुमास्नी कळतंय.’

यावर मी आयुष्यात इतका वेळ घालवला आहे की दुसऱ्या कशावर घालवला नसेल. ती बाई आमच्या रानात बसली होती. ज्वारी आमच्या पेवातून जायची. रानमालकाच्या पोराला ‘गप बस, तुला काय कळतंय’ असं ती म्हणू शकत नव्हती, आणि मी तिच्या गप्प बसण्याला होकार समजलो. वर्गातही मी हेच करायचो. पोरं गप्प बसली की म्हणायचो, समजलं ना सगळ्यांना. पोरांच्या गप्प बसण्यात ‘समजलं’ कधी नसतं. पंधरा वर्षं शिकवून मला एवढंही ठाऊक नव्हतं.

मी माझा जुना कमरेचा पट्टा आणला, चाकूनं आखूड केला, कुत्र्याच्या गळ्यात बांधला. पुढं एक दिवा, मागं एक. खिळ्यांचा पट्टा मावशीनं उचलून घोड्याच्या खोगिराखाली ठेवला. कुत्रं दोनदा मान झटकून गप्प झालं. त्याचाही मी होकारच धरला.

आणि सांगायला लाज वाटते, पण दिवा चालला. रविवारी संध्याकाळी मेंढरं रस्त्याला आली तेव्हा मी स्वतः कडेला उभा होतो. पहिल्यांदा कुत्रं पुढं गेलं, लाल लुकलुक करत. समोरून येणारा ट्रक लांबूनच हळू झाला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली, ‘ह्ये काय काढलंय?’ म्हणून विचारलं आणि सगळा कळप जाईपर्यंत गाडी उभी ठेवली. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवरून लोक बाहेर आले.

‘गड्या, लाल दिव्याची गाडी आली बग,’ एकजण म्हणाला. ‘उठून हुबा ऱ्हा.’

‘कुठला मंत्री रं?’

‘पशुसंवर्धन.’

मी टपरीत बसून तासभर बोललो. ट्रॉलीवाल्यांना कसे असले दिवे सक्तीचे केले पाहिजेत, सरकार कसं झोपलंय, एका शिक्षकानं एका दिवसात जे केलं ते यांना दहा वर्षांत जमलं नाही. लोकांनी माना डोलावल्या. चहा मीच पाजत होतो.

पुढच्या शनिवारी मी मित्रांनाही घेऊन गेलो, कोयनेचा डाग धुवून काढायचा होता. मित्रांनी दिवा बघितला, कुत्रं बघितलं, कबूल केलं. त्यातला एकजण बँकेत होता. त्यानं विचारलं, ‘रात्री काढता ना दिवा?’ मी म्हणालो, ‘कशाला? उलट रात्रभर ठेवायचा. मावशीला कुत्रं कुठाय ते अंथरुणातून दिसेल.’ आणि हे मी मावशीलाही बजावलं. काढायचा नाही, सेल वर्षभर पुरतो. मित्र संध्याकाळच्या एसटीनं कराडला गेले, मी मळ्यात झोपलो.

सकाळी वडिलांनी हलवून उठवलं. आमच्यात ते कधी जास्त बोलले नाहीत. तेव्हाही एवढंच म्हणाले, ‘तुझा दिवा बघून ये जा.’

मेंढरं जाळीत एका कोपऱ्याला दाटून उभी होती. तीन दगडांच्या चुलीपाशी मावशी बसली होती, मांडीवर कुत्र्याचं डोकं. गळा फाटला होता. एका बाजूनं कातडं लोंबत होतं आणि तिनं त्यात हळद कोंबून वरून लुगड्याचा तुकडा दाबून धरला होता. माझा कमरेचा पट्टा दोन तुकडे होऊन बाजूला पडला होता. त्यातल्या एका तुकड्यावर दिवा होता. रक्तानं माखलेला. तो अजून लुकलुकत होता.

पहाटे लांडगा आला होता. कुत्र्यानं त्याला मेंढरांना हात लावू दिला नाही. खिळ्यांचा पट्टा असता तर लांडग्यानं गळा धरताच तोंड फोडून घेतलं असतं आणि पळाला असता, तो पट्टा असतोच त्यासाठी. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला नव्हतं. मला तरंगलांबी ठाऊक होती.

मी दिवा उचलला आणि पिळून बंद करायला गेलो. बोटं ओली, टोपण फिरेना. तो माझ्या हातात लुकलुकत राहिला. शेवटी मी तो तसाच खिशात घातला, आणि सदऱ्याच्या खिशातून तो दिसत राहिला. मावशी बघत होती. अशा वेळीसुद्धा माझं सोंग झालं.

रस्त्यावर द्राक्षांच्या रिकाम्या पेट्या घेऊन तासगावला निघालेला टेम्पो मी आडवा होऊन थांबवला. मावशी कुत्र्याला घेऊन मागं पेट्यांत बसली, मी ड्रायव्हरशेजारी. मधली काच फुटलेली होती. पुढचं बोललेलं मागं जात होतं.

‘धनगराचं कुत्रं हाय न्हवं?’ ड्रायव्हर म्हणाला. ‘मग लांडग्याला गळा कसा गावला? पट्टा कुटं गेला?’

मी म्हणालो, ‘सुटला असेल रात्री.’

तीनच शब्द. का बोललो? त्या ड्रायव्हरला मी ओळखत नव्हतो, तो मला ओळखत नव्हता, त्याला माझ्याबद्दल काय वाटलं असतं याची किंमत शून्य. तरी बोललो. तोंड उघडलं आणि खोटं आपसूक बाहेर आलं, जणू ते आत तयारच बसलं होतं. पाठीमागं पेट्या हलल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही.

रविवार होता, जनावरांचा दवाखाना बंद. टेम्पोवाल्यानंच एका निवृत्त डॉक्टरांच्या दारात गाडी नेली. ते अंगणात बेदाणे निवडत बसले होते. चष्मा बदलून त्यांनी टाके घालायला घेतले. अर्ध्या वाटेवर मान वर न करता विचारलं, ‘पट्टा कुणी काढला?’

या प्रश्नात सुटण्याबिटण्याची सोयच नव्हती. मी मावशीकडं बघितलं. ती कुत्र्याचे पाय धरून बसली होती आणि तिनं माझ्याकडं बघितलं नाही. आणि मी, पंधरा वर्षं पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारणारा, म्हणालो, ‘काय माहीत. सुटला असावा.’

‘असले पट्टे सुटत नसतात,’ डॉक्टर म्हणाले आणि पुढचा टाका घातला.

कुत्रं वाचलं. पण मान एका बाजूला आखडली ती कायमची, आणि भुंकणं गेलं. भुंकायला तोंड उघडलं की नुसती हवा यायची. आठ-दहा दिवसांनी मावशीनं जाळी गुंडाळली. हिवाळा अर्धा बाकी होता, रान अर्धंच खतावलं होतं. वडील तिला थांब म्हणाले. ती म्हणाली, ‘कशाच्या जिवावर थांबू, मालक?’ घोड्यावर बिऱ्हाड चढवलं, वर दोन पिल्लं बांधली, आणि कुत्र्याला आमच्या गोठ्याच्या खांबाला आणून बांधलं. मी तिथं होतो.

‘ह्येला कळपासंगं चालवत न्हाई आता,’ ती मला म्हणाली. ‘तुमी सांभाळा.’

‘मावशी, माझं चुकलं.’

‘चुकतंय की. मानसाचं चुकतंय. माझ्या मालकाचंबी चुकायचं.’ तिनं दोरीची गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली. ‘पर पट्टा सुटला म्हनला तुमी. दोनदा. त्यो पट्टा माझ्या मालकानं मरायच्या आदल्या साली ठोकलेला. त्येचं काम सुटत न्हाई.’

तिनं कुत्र्याच्या चिरलेल्या कानावरून हात फिरवला.

‘खायाला घाला. पानी दावा. मारू नगा,’ ती म्हणाली. ‘आन त्येचं नाव घिऊ नगा. त्ये नाव तुमच्या तोंडात नगं.’

तर ते असं आहे. म्हणून नाव लिहिलेलं नाही. मी ते कुत्रं कराडला घरी आणलं. बायकोनं दुसरं नाव ठेवायचा प्रयत्न केला. तीन-चार ठेवून बघितली. कुत्र्यानं एकालाही कान हलवला नाही. मी काही न म्हणता फिरायला निघालो की दहा पावलं मागून यायचं. मी थांबलो की थांबायचं. शेजारी म्हणायचे, मास्तर, तुमचं कुत्रं लई शिस्तीचं. मला त्यांच्या तोंडावर पाकीट फेकून मारावंसं वाटायचं.

शाळेत ही गोष्ट पोचली, पण पोचली ती टपरीवरच्या आवृत्तीत, लाल दिव्याच्या मंत्र्याची. शिक्षकांच्या खोलीत मला ती पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे आणि मी सांगायचो. पिठल्याचं सांगायचो, ट्रॉलीतल्या उसाचं सांगायचो, ट्रक थांबला इथपर्यंत यायचो आणि तिथंच थांबायचो. लोक हसायचे. माझ्या फजितीच्या गोष्टी मी नेहमी अशाच सांगत आलो आहे. आपणच आपल्याला हसून घेतलं की लोकांना वाटतं, या माणसानं सगळं कबूल केलं. आपण फक्त सोयीचं तेवढं कबूल केलेलं असतं.

पुढच्या वर्षी भुईमूग निघाला. वडिलांनी रान मोकळं करून ठेवलं. मावशीचं बिऱ्हाड आलं आणि आमच्या बांधावरून सरळ पुढं जाऊन शेजाऱ्याच्या रानात उतरलं. वडील माझ्याशी त्या आठवड्यात बोलले नाहीत. नेहमीही फारसे बोलत नसत, पण आम्हा दोघांना फरक समजत होता.

मी शनिवारी कुत्र्याला स्कूटरवर पुढ्यात बसवून नेलं. बांध ओलांडला तेव्हा दिवस कलला होता. शेजारी, त्याचा भाऊ आणि टपरीवरचे दोघेजण मावशीच्या जाळीपाशी गप्पा मारत उभे होते. तिनं लांबूनच कुत्र्याला नावानं हाक मारली. एकदाच, हळू. वर्षभरात माझ्या कुठल्याही आवाजाला न हललेलं ते कुत्रं वाकड्या मानेनं धावत सुटलं, पडलं, उठलं, आणि तिच्या पायांत जाऊन लोळलं. नव्या कुत्र्याच्या गळ्यात तो खिळ्यांचा पट्टा होता.

‘आरं, ह्ये त्येच का मंत्री?’ टपरीवरचा एकजण म्हणाला. ‘मान कशानं वाकडी झाली?’

‘लांडग्यानं,’ शेजारी म्हणाला. ‘पट्टा सुटला हुता म्हनं.’

म्हणजे ते खोटं टेम्पोतून उतरून गावभर हिंडून इथं माझ्याआधी पोचलं होतं. मावशी कुत्र्याचं पोट खाजवत होती. वर न बघता म्हणाली, ‘मास्तर हायत की हितं. त्यास्नी इचारा.’

चौघांनी माझ्याकडं बघितलं. ती हसायची तयारी होती, मला ती ओळखू येते. मी सुरुवात केली असती तर पिठल्यापासून सांगत आलो असतो.

‘मी काढला,’ मी म्हणालो. ‘दिवा बसेना म्हणून मी पट्टा काढला. तिला ते नको होतं. आणि सुटला म्हणून मीच सांगितलं.’

कुणी हसलं नाही. टपरीवरच्या दोघांपैकी एकानं तंबाखू मळायला घेतली. शेजारी ‘हां’ एवढंच म्हणाला आणि मेंढरांकडं बघू लागला. मला वाटलं होतं खरं बोलल्यावर हलकं वाटतं, पुस्तकात तसंच असतं. काही हलकं वाटलं नाही. एवढं साधं वाक्य, त्याला एक वर्ष लागलं, याचा फक्त संताप आला.

मावशी उठली, लुगड्याला हात पुसले. ‘त्यो दिवा हाय का अजून?’

तो खिशात होता. वर्षभर होता. मधे सेल संपला तेव्हा कराडच्या घड्याळवाल्याकडून मी नवा टाकून घेतला होता. कशासाठी, विचारू नका. मी तो तिच्या हातात दिला. तिनं टोपण पिळलं, पहिल्या खेपेला जमलं. मग ती घोड्याकडं गेली आणि खोगिराच्या मागच्या पट्ट्याला, घोड्याच्या शेपटाच्या वर, चिमटा लावला. बरोबर बसला.

‘घोडं सगळ्यांच्या मागनं येतंय,’ ती म्हणाली. ‘ज्येला दिसायचं त्येला लावायचा. रस्ता संपला की काडायचा. कुत्र्यानं कुनाला दिसायचं नसतंय, मास्तर. त्येनंच बगायचं असतंय.’

शास्त्राच्या पदवीधराला जे सुचलं नाही ते तिला दिवा हातात आल्यावर चार पावलं चालेपर्यंत सुचलं. कदाचित गेल्या वर्षीच सुचलं असेल. मी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. विचारलं कुणी होतं?

‘त्याला इथंच ठेवू का?’ मी कुत्र्याकडं बघून म्हणालो.

‘ऱ्हानार कसं? चालवत न्हाई त्येला. घिऊन जावा. आमी हितं हाय तंवर शनवारी आनत जावा.’

‘आणि नाव?’

तिनं खोगिराचा पट्टा आवळला. ‘आनत जावा,’ ती पुन्हा म्हणाली.

मी निघालो. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर चालला होता, दोन ट्रॉल्या, भोंग्यातून गाणं, मागं काळोख. मी त्याला एक शिवी घातली, ती त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं. बांधावर येऊन मागं बघितलं तर कुत्रं अजून मावशीजवळच बसलेलं. हाक मारायला माझ्याजवळ नाव नव्हतं. मी थांबून राहिलो, ते उठेपर्यंत.